सोलापुरात नाटकाचे प्रयोग लावणं हा व्यवसाय म्हणून कसा उभा करायचा?

पार्कचौक_प्रेक्षक

नमस्कार मंडळी,

माझं बी.कॉम. झालंय. कॉलेजात विद्यापीठाच्या युवा महोत्सवासाठी संघ नेणं, वेशभूषा भाड्याने आणणं, प्रायोजक गाठणं ही कामं माझ्याकडे असायची आणि मला तीच आवडतात. अभिनय करायचा नाही, बँकेच्या परीक्षाही द्यायच्या नाहीत. पुण्या-मुंबईची नाटकं आणि गाण्याचे कार्यक्रम सोलापुरात आणून लावायचे, पुढे स्वतःची निर्मिती संस्था काढायची, असा विचार पक्का आहे. घरी विचारतात की यात पगार कुठला आणि पुढे जायची वाट कुठली. त्यांना आकडे दाखवायचे आहेत.

एका प्रयोगाचा हिशेब नेमका कसा मांडतात? हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या ठिकाणी प्रयोग लावताना परवाने आणि कर कोणते? प्रयोगाच्या दिवशी काय बिघडतं? आणि थेट स्वतःचं सुरू करण्याआधी नोकरी करायची असेल तर कुठे करावी? मोघम "मेहनत कर, यश मिळेल" नको, जाणकारांनी नीट सविस्तर सांगावं.

हिशेबनीस

प्रश्न योग्य क्रमाने विचारलेत. हिशेब पहिला, बाकी सगळं नंतर.

बाहेरगावचं नाटक गावात आणण्याचे साधारण तीन प्रकार आहेत. पहिला कंत्राटी प्रयोग: संस्थेला ठरलेली रक्कम द्यायची, तिकिटाचा नफा-तोटा सगळा तुमचा. दुसरा भागीदारीचा: गल्ल्यातले ठरावीक टक्के संस्थेचे, उरलेले तुमचे. तिसऱ्या प्रकारात संस्था स्वतःच प्रयोग लावते आणि तुम्ही फक्त स्थानिक व्यवस्थापक म्हणून मानधन घेता. नवख्याने तिसऱ्यापासून सुरुवात करावी. यात पैसा कमी मिळतो, पण पैसा अडकतही नाही आणि संस्थेच्या सूत्रधाराशी, म्हणजे व्यवस्थापन बघणाऱ्याशी, ओळख पक्की होते. पुढे चांगल्या तारखा मिळतात त्या याच ओळखीवर.

आता कंत्राटी प्रयोगाचं गणित. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, प्रत्येक वेळी नवे मांडायचे.

८०० खुर्च्यांचं नाट्यगृह धरा. त्यातल्या ४० तुमच्या नाहीतच: ध्वनियंत्रणेच्या टेबलामागच्या, कोपऱ्यातल्या जिथून अर्धा रंगमंच दिसत नाही त्या, प्रायोजकांच्या आणि द्याव्याच लागणाऱ्या पासांच्या. विकायला राहिल्या ७६०. पुढच्या २४० खुर्च्या ५०० रुपयांना, मधल्या २८० चारशेला, मागच्या २४० तीनशेला. १,२०,००० अधिक १,१२,००० अधिक ७२,००० म्हणजे ३,०४,०००. हा पूर्ण भरलेल्या घराचा गल्ला. सरासरी तिकीट ४०० रुपये पडलं.

खर्चात संस्थेची रक्कम १,६०,००० धरा. नाट्यगृहाचं भाडं १८,०००, वीस-बावीस माणसांची राहण्याची सोय २२,०००, जेवण-नाश्ता ९,०००, जाहिरात २५,०००, जनरेटर आणि जादा लाइट १०,०००, हमाल ४,०००, तिकीट छपाई आणि बुकिंगचं कमिशन ८,०००, परवाने ३,०००. एकूण २,५९,०००. संस्थेची रक्कम सोडून उरलेल्या ९९,००० वर अडीअडचणीसाठी १० टक्के, म्हणजे साधारण १०,०००. झाले २,६९,०००.

हे २,६९,००० तिकिटावर सोडवायचे तर ७६० पैकी ६७३ तिकिटं जायला हवीत, म्हणजे ८८ टक्क्यांहून जास्त घर. असा प्रयोग घेऊ नये. त्याच प्रयोगाला ८०,००० रुपयांचे प्रायोजक मिळाले, तर तिकिटावर १,८९,००० उरतात आणि ४७३ तिकिटांत तुम्ही सुटता. ६२ टक्के घर. हा घेण्यासारखा आहे. म्हणून माझं मत ठाम आहे: आधी प्रायोजकांची लेखी हमी, मग संस्थेला आगाऊ रक्कम. उलट क्रमाने गेलेली माणसं प्रयोगाच्या आठवड्यात ओळखीच्या दुकानांत फिरून पास वाटताना दिसतात. एकदा पास फुकट वाटले की पुढच्या प्रयोगाला तोच प्रेक्षक तिकीट काढत नाही, पासाचीच वाट बघतो.

आणखी एक. ही सरासरी ४०० रुपये घर समान भरलं तरच खरी ठरते. बहुतेक वेळा आधी पुढच्या रांगा जातात, मग स्वस्त तिकिटं, आणि मधला पट्टा शेवटपर्यंत रिकामा राहतो. मधल्या खुर्च्या कार्यालयं, महिला मंडळं, शिक्षक पतसंस्था यांना एकगठ्ठा द्या. २० तिकिटांवर २ जादा, असा हिशेब ठेवला तर सरासरी फारशी पडत नाही.

प्रत्येक प्रयोगाची वेगळी वही नाहीतर एक्सेलची शीट ठेवा. पैसे घरच्या बचत खात्यात घेऊ नका, व्यवसायाच्या नावाने चालू खातं काढा.

विंगेतला_माणूस

हिशेबनीसांनी पैशाचं मांडलंच आहे. मी रंगमंचाचं सांगतो, कारण प्रयोग पडतो तो इथे.

संस्थेला पहिला फोन करतानाच तुमच्याकडे नाट्यगृहाचा एका पानाचा तपशील तयार हवा: रंगमंचाची दर्शनी रुंदी, खोली, उंची, दोन्ही बाजूंना विंगेत किती जागा, वर पडदे आणि लाइट टांगायला किती बार, त्यातले किती खाली येतात, सामान आत घ्यायच्या दाराची रुंदी-उंची, टेम्पो दारापर्यंत लागतो का, मेकअपच्या खोल्या किती. हे टेपने स्वतः मोजा. दुसऱ्याने सांगितलेलं माप वापरू नका. नेपथ्याचे फ्लॅट, म्हणजे भिंतींसाठीच्या उभ्या चौकटी, दारातून आत गेले नाहीत तर ते कापता येत नाहीत, आणि तोवर टेम्पो अडीचशे किलोमीटर येऊन उभा असतो.

वेळेचं बघा. नाट्यगृह सत्रावर मिळतं: सकाळ, दुपार, रात्र. दोन अंकी, खोलीचं नेपथ्य असलेलं नाटक लावायला, लाइट फिरवायला आणि आवाज तपासायला चार तास धरा. रात्रीचं सत्र घेतलं आणि दुपारी शाळेचं स्नेहसंमेलन असलं, तर ते वेळेत संपत नाही. बक्षीस वितरण लांबतं, पालक रंगमंचावर फोटो काढत राहतात, आणि तुमचे कामगार बाहेर टेम्पोपाशी बसून राहतात. म्हणून रात्रीच्या प्रयोगासाठी दुपारचं सत्रही घ्या. भाडं वाढतं, ते हिशेबात आधीच धरा. हिशेबनीसांच्या १८,००० मध्ये ही दोन्ही सत्रं बसतात का, ते तुमच्या नाट्यगृहाच्या दरपत्रकावर तपासा.

वीज. जुन्या पद्धतीचे १,००० वॉटचे ४० लाइट लागले तर ४० किलोवॉट झाले. २३० व्होल्टला साधारण १७४ अँपियर. तीन फेजवर सारखे वाटले तर प्रत्येकी ५८. मुख्य स्विच ६३ अँपियरचा असेल तर हे जेमतेम बसतं, पण एका फेजवर लाइट जास्त पडले की ऐन प्रवेशात फ्यूज जातो. म्हणून लाइटवाल्याला वाटणी कागदावर मागा. ध्वनियंत्रणा डिमरच्या फेजवर कधीच लावू नका. लाइट कमी-जास्त होताना स्पीकरमधून घूं आवाज येत राहतो आणि हळू आवाजातल्या प्रवेशात तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येतो.

जनरेटर ६२.५ केव्हीएचा मागवा, तो साधारण ५० किलोवॉट भार घेतो. पण नुसता जनरेटर पुरत नाही. वीज गेल्यापासून जनरेटरवर येईपर्यंत काही सेकंद जातात, तेवढ्यात लाइटचा बोर्ड आणि आवाजाचा डिजिटल मिक्सर बंद पडतो. तो पुन्हा चालू होऊन बसवलेले प्रवेश दाखवायला आणखी मिनिट-दोन मिनिटं घेतो. या दोन यंत्रांपुरता एक केव्हीएचा यूपीएस लावा. खर्च किरकोळ आहे. अंधार झाला तरी जनरेटर लागताच प्रयोग तिथूनच पुढे सुरू होतो, आणि प्रेक्षक ओरडत नाही, टाळी देतो.

वातानुकूलन बंद असेल तर एप्रिल-मेमध्ये प्रयोग घेऊ नका. चाळिशीच्या वरच्या दिवसानंतर रात्री साडेनऊलाही भिंती तापलेल्याच असतात. रंगमंचावर लाइटखाली तर त्याहून वाईट. टाकीतलं पाणी आणि स्वच्छतागृहं प्रयोगाच्या आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा. प्रेक्षक नाटकाबद्दल बोलतो, पण पुन्हा येतो की नाही ते स्वच्छतागृहावरही ठरतं.

प्रयोगाच्या दिवशी माणसं नेमून द्या. दारावर एक, तिकीट खिडकीवर एक, कलाकारांच्या जेवणा-गाडीचं बघायला एक, आणि संस्थेच्या व्यवस्थापकाशी बोलणारे फक्त तुम्ही. पहिली घंटा, दुसरी, तिसरी कधी द्यायची हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवायचं. बाहेर रांग आहे म्हणून दारावरचा माणूस परस्पर "पाच मिनिटं थांबा" सांगायला आत पळतो, तिथे गोंधळ सुरू होतो. पडदा उशिरा गेला तर रात्री उशिरा संपतं, रिक्षा मिळत नाहीत, आणि जुळे सोलापूर किंवा विडी घरकुलकडचं कुटुंब पुढच्या वेळी रात्रीचा प्रयोग टाळतं.

परवाना_ते_पावती

कर आणि परवाने, सुटसुटीत सांगते.

नाटकाची संहिता महाराष्ट्र राज्य रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत झालेली लागते. व्यावसायिक संस्थेकडे हे प्रमाणपत्र असतंच. त्याची प्रत करारासोबतच मागून घ्या, कारण पोलिसांच्या परवानगीच्या अर्जाला ती जोडावी लागते. अर्ज तारखेच्या किमान पंधरा दिवस आधी टाका. आषाढी वारी, गणपती आणि सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत पोलीस बंदोबस्तात असतात, तेव्हा त्याहून आधी. स्वतःची निर्मिती काढाल तेव्हा संहिता संमत करून घेणं, लेखकाकडून प्रयोगाचे हक्क लेखी घेणं आणि मानधन दर प्रयोगाला की एकरकमी हे ठरवणं तुमच्याकडे येईल. लेखक हयात नसला तरी मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात. "जुनं नाटक आहे, कोण विचारतंय" असं धरून चालू नका.

गाण्याचा कार्यक्रम असेल तर गीत-संगीताच्या हक्कांसाठी आयपीआरएस आणि ध्वनिमुद्रित गाणी वाजवणार असाल तर पीपीएल या संस्थांचा परवाना बघावा लागतो. मध्यंतरात स्पीकरवर सिनेमाची गाणी लावली तरी हा मुद्दा येतो. उघड्या मैदानावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक चालत नाही. शासन वर्षातले मोजके दिवस बाराची सवलत जाहीर करतं, पण ते दिवस सणावारी असतात, त्यावर व्यवसाय उभा राहत नाही. बंदिस्त नाट्यगृहाला ही अडचण नाही.

आता जीएसटी. नाटक, संगीत, नृत्य यांचं प्रवेशशुल्क माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी माफ आहे. ५०० च्या वर गेलं की पूर्ण तिकिटावर १८ टक्के, फक्त वरच्या रकमेवर नाही. नोंदणीकृत असाल आणि करासह ६०० रुपयांचं तिकीट लावलंत, तर हातात येतात ५०८. ५९० चं लावलंत तर बरोबर ५००. म्हणजे ५०१ ते ५८९ मधलं कुठलंही तिकीट तुम्हाला ५०० च्या तिकिटापेक्षा कमी पैसे देतं. म्हणूनच गावोगावी पहिली रांग पाचशेवर थांबलेली दिसते.

हिशेबनीसांच्या मांडणीत एक जागा सुटली आहे. संस्था जीएसटी नोंदणीकृत असेल तर ती १,६०,००० वर १८ टक्के, म्हणजे २८,८०० वेगळे लावेल. तुमची तिकिटं करमाफ असल्यामुळे हा कर परत वळता करून घेता येत नाही, तो सरळ खर्च आहे. ४०० च्या सरासरीने ही ७२ तिकिटं झाली. बोलणी करताना "रक्कम करासह की कराव्यतिरिक्त?" हा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारा आणि उत्तर करारात लिहून घ्या.

प्रायोजकत्व ही करपात्र सेवा आहे. तुमचा व्यवसाय कंपनी नसेल आणि प्रायोजक कंपनी किंवा भागीदारी फर्म असेल, तर कर भरण्याची जबाबदारी प्रायोजकावर येते. प्रायोजक एकट्या मालकीचं दुकान असेल तर तसं नाही. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांच्या उलाढालीची आहे, आणि त्यात करमाफ तिकिटांची रक्कमही धरली जाते. महिन्याला एक प्रयोग लावलात तरी ती वर्षात ओलांडली जाईल, म्हणून सीए आधी गाठा. मोठे प्रायोजक टीडीएस, म्हणजे तुमच्या नावाने भरायचा आयकर, आधीच कापून पैसे देतात. ती रक्कम विवरणपत्रात मिळते, पण प्रयोगाच्या आठवड्यात हातात नसते. रोखीचं नियोजन त्याप्रमाणे करा.

फ्लेक्स लावायचे तर महापालिकेची परवानगी घेऊन, ठरलेल्या जागीच. विनापरवाना फलकावर मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, आणि फलकावर नाव प्रायोजकाचं असतं. प्रायोजक पुन्हा दारात उभा करत नाही.

बाळीवेस_टू_नवीपेठ

हिशेबनीसांशी एका मुद्द्यावर माझं जुळत नाही. आधी सगळे प्रायोजक, मग तारीख, हे ऐकायला बरोबर वाटतं. पण प्रायोजक पहिला प्रश्न विचारतो: "नाटक कुठलं, कलाकार कोण, तारीख काय?" हातात तारीख नसताना गेलात तर तो "ठरलं की या" म्हणतो. म्हणून मधला मार्ग काढा. संस्थेकडून दहा-बारा दिवसांची तोंडी राखीव तारीख घ्या, नाट्यगृहाची तीच तारीख मोकळी आहे का बघा, आणि तेवढ्या दिवसांत प्रायोजक पक्के करा. नाही झाले तर तारीख सोडून द्या, पण मुदत संपायच्या आधी स्वतः फोन करून सोडा. तारीख अडवून गप्प बसलेल्या माणसाला पुन्हा तारीख मिळत नाही.

सोलापूरच्या प्रायोजकाचं गणित वेगळं आहे. इथे मोठ्या कंपन्यांची मुख्यालयं कमी. चादर-टॉवेलचे कारखानदार, साडी आणि सराफी दुकानं, रुग्णालयं, खासगी क्लास, बांधकाम व्यावसायिक, सहकारी बँका आणि पतसंस्था जास्त. एकाकडून ८०,००० मागण्यापेक्षा २५,००० चा एक मुख्य आणि ११,००० चे पाच हे लवकर जमतं, तेही बरोबर ८०,००० होतात. त्यांना फलकापेक्षा खुर्च्या महत्त्वाच्या वाटतात: डॉक्टरांना आपल्या सहकाऱ्यांना न्यायचं असतं, कारखानदाराला बाहेरगावहून आलेल्या व्यापाऱ्याला. प्रस्तावात जाहिरातीच्या जागेआधी "तिसऱ्या रांगेतल्या ८ खुर्च्या" असं लिहा. मात्र देऊ केलेल्या खुर्च्या हिशेबनीसांच्या त्या ४० मध्ये मोजा. सहा प्रायोजकांना प्रत्येकी ८ दिल्या तर ४८ होतात, आणि मग विकायच्या खुर्च्यांमधून भर घालावी लागते. मुख्य प्रायोजकाला ८ आणि बाकीच्या पाच जणांना ४, म्हणजे २८, एवढं बसतं.

आणि भाषेकडे लक्ष द्या की. या शहरात तेलुगू आणि कन्नड घरात बोलणारी हजारो कुटुंबं आहेत, मराठी उत्तम समजणारी. नाट्यगृहापर्यंत ती कमी येतात, कारण जाहिरात त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. पूर्व भागात पद्मशाली समाजाच्या संस्था, शाळा, सोसायट्या आहेत. तिथल्या कार्यकर्त्यांना जाऊन भेटलात आणि तेलुगूत दोन ओळींचा निरोप व्हॉट्सअॅपवर दिलात, तर मधला रिकामा पट्टा भरायला मदत होते. विनोदी नाटक, संगीताचा कार्यक्रम, जादूचे प्रयोग यांना हा प्रेक्षक पटकन येतो. संवादप्रधान गंभीर नाटकाला वेळ लागतो.

तिकीट विक्री ऑनलाइन ठेवाच, पण खिडकी बंद करू नका. वयस्कर प्रेक्षक खुर्चीचा नकाशा समोर ठेवून, बोट लावून जागा निवडतो. खिडकीचा आणि ऑनलाइनचा नकाशा एकच हवा. दोन वेगळे ठेवले आणि एकच खुर्ची दोघांना गेली, तर त्या रात्री भांडण दारावरच्या पोराला सोसावं लागतं. दोन्ही एकत्र जमत नसेल तर रांगा वाटून घ्या: ए ते एफ ऑनलाइन, त्यामागच्या सगळ्या खिडकीवर.

पार्कचौक_प्रेक्षक

मनापासून आभार सगळ्यांचे. संध्याकाळी कागद घेऊन बसले तर ५०१ ते ५८९ चं घरी सगळ्यांना पटलं!

दोन शंका. करारात नेमकं काय काय लिहायचं? आणि नोकरीचा प्रश्न राहिला: पुण्याला जाऊन एखादा अभ्यासक्रम करावा, की इथेच कुठे काम धरावं?

हिशेबनीस

२८,८०० चा मुद्दा बरोबर आहे. तो धरला तर एकूण खर्च २,९७,८०० होतो. ८०,००० प्रायोजक मिळूनही तिकिटावर २,१७,८०० उरतात, म्हणजे ५४५ तिकिटं, ७२ टक्के घर. तेव्हा बोलणीत रक्कम करासह ठरवून घेणं किंवा प्रायोजक एक लाखाच्या वर नेणं, दोन्हीपैकी एक करायलाच हवं.

बाळीवेसकरांची तोंडी राखीव तारखेची पद्धत मला मान्य आहे. आगाऊ रक्कम मात्र प्रायोजकांच्या लेखी होकारानंतरच.

करारात हे यायला हवं. मुख्य कलाकार कोण, आणि तो आजारी पडला तर प्रयोग रद्द की बदली कलाकार. बदली चालणार असेल तर रक्कम किती कमी. प्रवास कुणाकडे, राहणं-जेवण कुणाकडे, किती माणसांचं, किती खोल्या. आगाऊ रक्कम किती आणि उरलेली कधी: तिसऱ्या घंटेआधी की मध्यंतरात. प्रयोग तुमच्यामुळे रद्द झाला, त्यांच्यामुळे झाला, किंवा पूर-संचारबंदीसारख्या कारणाने झाला, या तिन्ही वेळी आगाऊ रकमेचं काय. त्याच नाटकाचा प्रयोग पंढरपूर, बार्शी, धाराशिव इथे त्याच आठवड्यात लागणार नाही, ही अट. हे शेवटचं बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि मग बार्शीचा प्रेक्षक सोलापूरला येत नाही. जाहिरातीत कलाकारांची छायाचित्रं आणि चित्रफिती वापरायची परवानगीही लेखी घ्या.

प्रेक्षकांचे पैसे परत करण्याची वेळ आली तर ते तुमच्याच खिशातून जातात, हे ध्यानात ठेवून प्रयोग होईपर्यंत तिकिटाच्या पैशाला हात लावू नका.

पडद्याआडची_पगारवही

नोकरीचं मी सांगते.

अभ्यासक्रम करायचा का हे तुम्हाला काय व्हायचंय त्यावर आहे. दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना यांकडे ओढा असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी, दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय यांच्या प्रवेशप्रक्रिया बघा. तुमचा कल मात्र व्यवस्थापनाकडे दिसतो. त्याला बी.कॉम. हा चांगला पाया आहे आणि पुढचं शिक्षण काम करता करताच होतं. माध्यमांकडे वळायचं असेल तर इथल्या अहिल्यादेवी होळकर विद्यापीठातला जनसंज्ञापन विभाग गावातच आहे.

काम धरायचं तर चार दारं आहेत. पहिलं, वृत्तपत्रांचा जाहिरात आणि उपक्रम विभाग. सोलापुरात बऱ्याच दैनिकांच्या आवृत्त्या किंवा कार्यालयं आहेत, आणि प्रदर्शनं, महिलांसाठीचे कार्यक्रम, पुरस्कार सोहळे हे आता त्यांच्या उत्पन्नाचा भाग आहेत. इथे तुम्ही प्रायोजकाला दर सांगायला, नकार ऐकायला आणि वसुली करायला शिकता. वसुली हा शब्द मुद्दाम लिहिते आहे. प्रायोजक मिळवणं अर्धं काम, कार्यक्रमानंतर चेक आणणं उरलेलं अर्धं. हे जमणाऱ्या माणसाला हा व्यवसाय कधी उपाशी ठेवत नाही.

दुसरं, लग्न-समारंभ आणि कंपन्यांचे मेळावे करणाऱ्या स्थानिक इव्हेंट संस्था. कारखानदारांचे विक्रेता मेळावे, दुकानांची उद्घाटनं, रुग्णालयांची शिबिरं. कलेचा आनंद कमी, पण मांडव, वीज, जेवण, वाहतूक यांचे खरे दर इथेच कळतात आणि पुरवठादारांची यादी तयार होते. लग्नसराईत काम, पावसाळ्यात सुस्ती. म्हणून पगार ठरवताना महिन्याचा ठरवा, कार्यक्रमावारी नको.

तिसरं, नाट्यसंस्थेत सहायक व्यवस्थापक. यासाठी पुण्याला किंवा मुंबईला राहावं लागेल. दौऱ्याचं वेळापत्रक, कलाकारांच्या 'नाइट'चे (दर प्रयोगाच्या मानधनाचे) पैसे, नाट्यगृहाच्या तारखांचे अर्ज, टेम्पो, नेपथ्याची डागडुजी ही रोजची कामं. कलाकार एकाच वेळी मालिकेतही काम करतात, त्यामुळे चित्रीकरणाच्या वेळा आणि प्रयोगाच्या वेळा जुळवणं हे मोठं कसब आहे. ते शिकलात की पुढे मालिका-चित्रपटांत निर्मिती व्यवस्थापक आणि मग कार्यकारी निर्माता अशी वाट उघडते. घरच्यांना सांगायची पगाराची शिडी हीच.

चौथं दार घरच्या घरी उघडता येतं. राज्य हौशी नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या एखाद्या स्थानिक संघाचं व्यवस्थापन घ्या. पैसे मिळणार नाहीत. पण तालमीचं वेळापत्रक, खर्चाची मर्यादा, संहितेचे हक्क आणि ऐनवेळी गैरहजर राहणारी माणसं हे सगळं छोट्या प्रमाणात हाताळायला मिळतं.

माझं मत विचाराल तर पहिलं आणि चौथं एकत्र करा, आणि सुट्टीच्या दिवशी हिशेबनीस म्हणाले तसं बाहेरच्या संस्थेचं स्थानिक व्यवस्थापन घ्या. मुलाखतीला जाताना "माझ्यात नेतृत्वगुण आहेत" असं लिहिलेला कागद नेऊ नका. युवा महोत्सवाचा जमा-खर्च एका पानावर मांडून न्या: किती मंजूर होते, किती खर्च झाले, कुठे वाचवले, कोणता प्रायोजक कसा आला. काम देणारा तेच पान वाचतो.

संघ सांभाळणं हे त्या पानावर दिसत नाही, ते कामावर दिसतं. तुमच्यापेक्षा वयाने मोठे रंगमंच कामगार, नावाजलेले कलाकार आणि घाईतला प्रायोजक, तिघेही एकाच वेळी समोर असतात. प्रत्येकाला वेळ आणि पैसा यांचं उत्तर आकड्यात द्या: "जेवण साडेसातला, बावीस पानं, गाडी अकराला मागच्या दारी." असं बोलणाऱ्या माणसाकडे सगळे पुढच्या प्रश्नासाठी आपोआप येतात. कामगारांचे पैसे त्याच रात्री, टेम्पो हलायच्या आत द्या. बाहेरगावच्या दौऱ्यावर ही बातमी तुमच्याआधी पोहोचते.

विंगेतला_माणूस

तारखेबद्दल एवढंच जोडतो. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, होम मैदानावर गर्दी आणि पार्क चौकाकडे येणारे रस्ते वळवलेले. तेव्हा तिकीट विकलं गेलं तरी माणूस वेळेत पोहोचत नाही. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव, त्या दिवशी पूर्व भागातला प्रेक्षक येणार नाही. दहावी-बारावीच्या परीक्षांत कुटुंब घराबाहेर पडत नाही. गणपती विसर्जनानंतर नवरात्र बसेपर्यंतचा काळ पितृपक्षाचा. काही जण तो टाळतात, पण नाट्यगृह तेव्हाच मोकळं मिळतं आणि संस्थाही रक्कम कमी करायला तयार असतात. पहिल्या प्रयोगासाठी दिवाळीनंतरचा, लग्नसराई पुरती सुरू होण्याआधीचा रविवार धरा, संध्याकाळी पाचचा. नाट्यगृहात तारखांचे अर्ज कधीपासून घेतात ते कार्यालयात जाऊन विचारा, आणि अर्जाची पोच सही-शिक्क्यासह घ्या.

पार्कचौक_प्रेक्षक

उद्या सकाळी टेप घेऊन नाट्यगृहात जाते. मापं घेतली की इथेच टाकते, लाइटची वाटणी कशी करायची ते मग विचारेन.